कॉलेज फुटबॉलमधला बँड नक्की करतो काय, आणि इंजिनिअरिंग सांभाळून तो झेपतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लेकीला पर्ड्यूला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळालीय, इथे शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायची, आता तिथल्या मार्चिंग बँडमध्ये जायचं म्हणतेय. फुटबॉलच्या मॅचला एवढा मोठा बँड लागतो कशाला, तेच ते गाणं सारखं का वाजवतात, आणि अभ्यासाची वाट लागेल का.

मी स्वतः एमएस करताना मिडवेस्टमधल्या एका युनिव्हर्सिटीच्या बँडमध्ये मेलोफोन वाजवायचो (फ्रेंच हॉर्नचा मैदानी भाऊ समजा, भोंग्याचं तोंड पुढे असतं), आणि नंतर गेली बरीच वर्षं नोकरी सांभाळून इंडियानातल्या हायस्कूलच्या पोरांना ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी फुंकवाद्यं) शिकवतोय. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट म्हणजे भारतातून युट्यूबवर आपण जे बघतो तो हाफटाइम शो असतो, बँड मैदानावर जहाज काढतो, घोडा पळवतो वगैरे. ते भारी असतंच, पण कॉलेजच्या मॅचचा हाफटाइम २० मिनिटांचा, दोन्ही बँड आले असतील तर तो वाटून घ्यायचा, म्हणजे एका बँडच्या हातात जेमतेम सात-आठ मिनिटं. आणि मॅच चालते साडेतीन तास. उरलेल्या वेळात बँड स्टँडमध्ये उभा असतो आणि माझ्या मते खरं काम तिथेच आहे.

हे कळायला खेळाची चाल लक्षात घ्या. अमेरिकन फुटबॉल हा थांबत थांबत चालणारा खेळ आहे. चार संधींत दहा यार्ड पुढे जायचं, गेलात की परत चार संधी. एक डाव पाच-सहा सेकंद चालतो, मग सगळे उठतात, अंग झटकतात, पुढच्या डावाची तयारी, त्यात अर्धा-पाऊण मिनिट जातं. वर टाइमआउट, टीव्हीच्या जाहिराती. साठ-सत्तर हजार माणसं बसलीयत आणि बहुतेक वेळ मैदानात काहीच घडत नाहीये. ही पोकळी बँड भरतो. दहा यार्ड मिळाले की चार-पाच सेकंदांची एक ठरलेली धून, समोरच्या टीमची तिसरी संधी असेल तर ड्रमचा ठेका चढवत न्यायचा, टचडाउन झाला (चेंडू समोरच्या टोकाच्या रेघेपलीकडे नेला) की अख्खं फाइट साँग, म्हणजे युनिव्हर्सिटीचं जोशाचं गाणं, त्यानंतरच्या किकचा पॉइंट मिळाला की परत.

यात एक गंमत आहे जी बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही. नियमात स्पष्ट लिहिलंय की टीमला स्वतःचे सिग्नल ऐकू येणार नाहीत असा आवाज बँडने करायचा नाही. प्रेक्षक घसा फोडून ओरडले तर कोण अडवणार, पण बँड वाजत राहिला तर आपल्याच टीमला भुर्दंड बसू शकतो. म्हणून समोरची टीम रांगेत येऊन उभी राहिली की डायरेक्टर हाताची मूठ आवळतो आणि तीनशे वाद्यं एका क्षणात बंद. आता मुरलेला डायरेक्टर काय करतो, तर तो ठेका असा वाढवत आणतो की बँड थांबतो त्या क्षणाला पब्लिक सगळ्यात जोरात असतं. म्हणजे आवाज बँडने पेटवायचा आणि ऐन मोक्याला लोकांच्या हातात देऊन बाजूला व्हायचं. समोरचा क्वार्टरबॅक (डाव पुकारणारा खेळाडू) बोंबलतोय आणि त्याच्या शेजारच्याला ऐकू जात नाहीये, त्यात बँडचा वाटा असतो पण बँड तेव्हा चिडीचूप असतो. हे टायमिंग जमायला सेकंदांचा हिशोब लागतो, खेळ समजावा लागतो. नुसतं वाजवता येऊन भागत नाही. आपली टीम खेळत असेल तर उलट, लोकांना शांत ठेवायचं, कारण आपल्या पोरांना सिग्नल ऐकू यायला हवेत.

आता तेच ते गाणं. हो, एका मॅचमध्ये फाइट साँग किंवा त्याचे तुकडे इतक्या वेळा वाजतात की वाजवणाऱ्याला झोपेतही येतं. ते तसंच असायला हवं. फाइट साँगचा जन्मच मुळात गर्दीने गाण्यासाठी झालाय, ज्यांना गाता येत नाही अशांच्या गर्दीने. म्हणून चाल मार्चची, उडत्या ठेक्याची, स्वर फार वर जात नाहीत, शब्द कमी, आणि मध्ये कुठेतरी टाळ्या नाहीतर मूठ वर करून ओरडायला जागा ठेवलेली. पट्टीसुद्धा बी फ्लॅट, ई फ्लॅट अशा, ज्या ब्रासच्या तोंडाला सोप्या पडतात. नोव्हेंबरच्या थंडीत ओठ बधिर झालेले असताना अवघड पट्टीत वाजवायला लावणाऱ्या माणसाला पोरं माफ करत नाहीत.

यातली बरीच गाणी विद्यार्थ्यांनीच केलीयत, हे मला फार आवडतं. मिशिगनचं 'द व्हिक्टर्स' १८९८ चं. मिशिगनने शिकागोला १२-११ असं हरवलं आणि त्या आनंदात लुई एल्बेल नावाच्या विद्यार्थ्याने ते लिहिलं. नोत्र दामचं 'व्हिक्टरी मार्च' शे आडनावाच्या दोघा भावांचं, १९०८ चं. विस्कॉन्सिनच्या 'ऑन विस्कॉन्सिन'ची गोष्ट तर मजेशीर आहे, विल्यम पर्डीने ती चाल मुळात मिनेसोटाच्या स्पर्धेसाठी बांधत आणली होती, म्हणजे कट्टर शत्रूसाठी, पण मित्राने गळ घातली आणि १९०९ मध्ये ती विस्कॉन्सिनची झाली. पुढे १९५९ साली सरकारने तिला राज्याचं गाणंच करून टाकलं. पर्ड्यूचं 'हेल पर्ड्यू' पण तिथल्याच विद्यार्थ्यांचं, शंभर वर्षांहून जुनं. आणि ही गाणी मूळ मालकांपाशी राहिलीच नाहीत, अमेरिकेतल्या कितीतरी हायस्कूलांनी यातल्याच दोन-चार चाली उचलून त्यावर आपले शब्द बसवलेत. माझ्या पोरांना मी हे सांगितलं की त्यांना धक्का बसतो, त्यांना वाटत असतं आपल्या शाळेचं गाणं आपलंच आहे.

बँड आला कुठून, तर लष्करातून. १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना कॉलेजं काढायला जमिनी मिळाल्या आणि त्या कॉलेजांनी शेती, इंजिनिअरिंगबरोबर लष्करी शिक्षणही द्यायचं असं ठरलं. कवायत आली म्हणजे ड्रम आला, बिगुल आला. पर्ड्यू त्याच कायद्याचं अपत्य, तिथला बँड १८८६ पासूनचा, सुरुवात कवायतीच्या ड्रमवाल्यांपासूनच. १९०७ मध्ये या बँडने लष्करी रांगा मोडून मैदानावर इंग्रजी पी अक्षर उभं केलं. असं करणारे आम्ही पहिले असं पर्ड्यूवाले सांगतात. त्याच वर्षी पहिला हाफटाइम शो आम्ही केला असं इलिनॉयवाले सांगतात. या 'पहिले आम्ही'च्या भांडणात पडू नका, त्याला अंत नाही. पर्ड्यूकडे १९२१ साली बनवलेला एक प्रचंड ड्रम आहे, ते त्याला जगातला सगळ्यात मोठा म्हणतात, टेक्सासवाले म्हणतात आमचा मोठा.

जुन्या परंपरांतली मला सगळ्यात सुंदर वाटते ती ओहायो स्टेटची. (मिशिगनमध्ये शिकलेल्या माझ्या मित्रांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.) त्यांच्या बँडमध्ये बासरी-क्लॅरिनेट काही नाही, १९३४ पासून फक्त ब्रास आणि ड्रम. १९३६ पासून ते मैदानावर चालत चालत जोडून काढलेल्या इंग्रजी अक्षरांत 'ओहायो' लिहितात, म्हणजे पेन न उचलता कागदावर लिहावं तसं, एका रांगेत, एकामागे एक, रांग स्वतःलाच छेदून जाते आणि तरी कोणी कोणाला धडकत नाही. शेवटी आय अक्षरावरचा टिंब उरतो. तो द्यायला सूझाफोनवाला एक जण, चौथ्या-पाचव्या वर्षाचा विद्यार्थी, ऐटीत पावलं टाकत येतो, टिंबाच्या जागी उभा राहतो आणि स्टेडियमच्या दोन्ही बाजूंना कमरेत वाकून नमस्कार करतो. एक लाख माणसं त्या एका पोरासाठी उभी राहतात. सूझाफोन म्हणजे अंगाभोवती गुंडाळलेला तो अजगरासारखा भोंगा, सगळ्यात जड आणि एरवी कोणाचं लक्ष नसलेलं वाद्य. तो मान ट्रम्पेटवाल्याला न देता त्याला दिलाय यात मला फार शहाणपण दिसतं. पाहुणे म्हणून हा मान मिळालेल्यांत बॉब होप आणि अंतराळवीर जॉन ग्लेन पण आहेत, पण तो अपवाद.

आता थोडं तांत्रिक, कारण लेक इंजिनिअर होणार आहे तर तिला यात रस वाटेल. मैदानावर दर पाच यार्डांना पांढरी रेघ असते. बहुतेक बँड पाच यार्डांत आठ पावलं टाकतात, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंच, उंच पोराचंही तेवढंच आणि बुटक्या मुलीचंही तेवढंच. प्रत्येकाला आपल्या जागांची यादी मिळते: अमुक ठोक्याला अमुक रेघेपासून इतकी पावलं डावीकडे. हे पाठ करायचं, गाणं पाठ करायचं, आणि दोन्ही एकदम करताना वरचं अंग हलता कामा नये, नाहीतर सूर थरथरतो.

पण खरी डोकेदुखी आवाजाच्या वेगाची. मैदान १०० यार्ड, म्हणजे साधारण ९१ मीटर. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो. म्हणजे एका टोकाचा सूर दुसऱ्या टोकाला पोचायला पाव सेकंदाहून थोडं जास्त. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. म्हणजे लांबच्या माणसाचं ऐकून वाजवलंत तर तुम्ही अर्ध्या ठोक्याने मागे! म्हणून पहिल्या दिवसापासून डोक्यात भरवतात की कानावर विश्वास ठेवू नका, ड्रम मेजरच्या (बँडपुढे उभं राहून ठेका देणाऱ्या विद्यार्थ्याच्या) हाताकडे बघून वाजवा. त्यातही ड्रमवाले तुमच्या मागे असतील तर त्यांचं ऐकलेलं चालतं, कारण त्यांचा आवाज तुमच्यावरून पुढे प्रेक्षकांकडेच चाललाय, तुम्ही त्यातच आपला सूर सोडून द्यायचा. ड्रम पुढे किंवा बाजूला असतील तर मात्र कान बंद. जो माणूस आयुष्यभर 'एकमेकांचं ऐकून वाजवा' असं शिकलाय त्याला हे उलटं शिकायला महिना जातो.

बँड आणि खेळ एकमेकांत कसे मिसळलेत याचा सगळ्यात भन्नाट किस्सा २० नोव्हेंबर १९८२ चा, बर्कलीतला. कॅलिफोर्निया विरुद्ध स्टॅनफर्ड. स्टॅनफर्ड २०-१९ ने पुढे, चार सेकंद बाकी, स्टॅनफर्डने किक मारली. कॅलिफोर्नियाच्या पोरांनी चेंडू घेतला आणि पकडलं जाण्याआधी मागे फेकत राहिले, पाच वेळा. मध्येच एक जण पडला असं वाटून स्टॅनफर्डच्या बँडने मॅच संपली असं समजून मैदानात धाव घेतली. स्टॅनफर्डचा बँड तसा मुळातच मवाली, कवायत वगैरे काही नाही, एका रचनेतून दुसरीकडे नुसते सैरावैरा पळत जातात. तर चेंडू घेऊन केव्हिन मोएन त्या बँडमधूनच वाट काढत धावला, टचडाउन केला आणि थेट एका ट्रॉम्बोनवाल्याच्या अंगावर जाऊन आदळला. २५-२०, कॅलिफोर्निया जिंकलं. रेडिओवर कॉमेंटेटर जो स्टार्की किंचाळत होता की बँड मैदानात आलाय. आजही कितीतरी बँड कॅम्पांत पहिल्या वर्षाच्या पोरांना हे दाखवतात आणि सांगतात: घड्याळात शून्य दिसेपर्यंत आणि रेफरीचा इशारा होईपर्यंत कोणी रेघ ओलांडायची नाही.

या सगळ्यात कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक कॉलेजांचे बँड वेगळेच, आणि खरं सांगायचं तर आम्ही मिडवेस्टवाले त्यांच्यापुढे फारच सोवळे वाटतो. फ्लोरिडा ए अँड एमचा 'मार्चिंग हंड्रेड', ग्रॅम्बलिंग, सदर्नचा 'ह्युमन ज्यूकबॉक्स', जॅक्सन स्टेटचा 'सॉनिक बूम'. गुडघे छातीपर्यंत येतील अशी पावलं, नाच, रेडिओवर चालू असलेली गाणी आठवड्याभरात बसवलेली, आणि ब्रासचा असा आवाज की पोटात हलतं. विल्यम फॉस्टर १९४६ मध्ये फ्लोरिडा ए अँड एमला आले आणि त्यांनी ही शैली घडवली. १९८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीला पॅरिसच्या संचलनात हा बँड होता. १९६७ च्या पहिल्या सुपर बोलला (व्यावसायिक फुटबॉलची फायनल) ग्रॅम्बलिंगचा बँड होता. तिथे मॅच संपली तरी लोक घरी जात नाहीत, दोन्ही बँड समोरासमोर उभे राहून एकमेकांना उत्तरं देत वाजवतात, मॅचचे क्वार्टर चार म्हणून त्याला पाचवा क्वार्टर म्हणतात. न्यू ऑर्लिन्सला ग्रॅम्बलिंग-सदर्नची बायू क्लासिक नावाची मॅच असते, तिथे बँडची जुगलबंदी आदल्या दिवशी वेगळं तिकीट लावून होते. कधी जमलं तर मॅच सोडा, ती बघा.

सगळं गोडगोड नाहीये हेही सांगतो. रॅगिंग हा बँडमधला जुना रोग आहे. २०११ मध्ये याच फ्लोरिडा ए अँड एमच्या बँडमधल्या एका ड्रम मेजरचा मारहाणीत मृत्यू झाला आणि बँड २०१३ पर्यंत बंद ठेवावा लागला. त्यानंतर सगळीकडे नियम फार कडक झाले, तरी लेकीला आधीच सांगून ठेवा की 'परंपरा' म्हणून कोणी काही सहन करायला लावलं तर सरळ तक्रार करायची. दुसरं म्हणजे गाण्यांचा इतिहास. टेक्सासचं 'द आइज ऑफ टेक्सास' पहिल्यांदा गायलं गेलं ते १९०३ च्या एका अशा कार्यक्रमात जिथे गोरे तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करायचे. २०२० मध्ये बँडमधल्या बऱ्याच मुलांनी ते वाजवायला नकार दिला, पुरेसे वाजवणारेच उरले नाहीत म्हणून एका मॅचला बँडने ते वाजवलं नाही. माजी विद्यार्थी आणि देणगीदार भडकले. युनिव्हर्सिटीने गाणं ठेवलं, आणि ज्यांना ते वाजवायचं नाही त्यांच्यासाठी वेगळा बँड काढायचं ठरवलं. मला तो तोडगा पळपुटा वाटतो. पण यातून एक दिसलं, की शंभर वर्षांची सवय एका झटक्यात थांबवायची ताकद बँडच्या हातात होती, खेळाडूंच्या नाही. खेळाडू नाही गायले तर गाणं होतंच, बँडने वाजवलं नाही तर उरतं फक्त रेकॉर्डिंग.

माझं स्वतःचं दुखणं वेगळंच आहे, ते म्हणजे स्पीकर. हल्ली स्टेडियममध्ये प्रत्येक मोकळ्या सेकंदाला डीजेची गाणी लावतात. जाहिराती विकायच्या असतात, कळतं. पण बँडने ठेका चढवत आणलाय आणि वरून कोणाचं तरी रेकॉर्डेड गाणं धाडकन अंगावर पडतं. प्रत्येक स्टेडियमला तीच पाच गाणी असतील तर मग माणूस इथे आला काय आणि तिथे गेला काय. त्यात आता खेळाडूंना २०२१ पासून जाहिरातींचे पैसे घेता येतात, २०२५ पासून युनिव्हर्सिट्याच त्यांना थेट पैसे देऊ शकतात, आणि त्यातले बरेच जण टीम बदलत राहतात. चुकीचं नाही, मिळायलाच हवेत पैसे, एवढे कमावून देतात ते. पण मैदानावर चार वर्षं त्याच युनिव्हर्सिटीचा, रोज क्लासला बसणारा, पदरचा वेळ घालून उभा असलेला असा कोण उरतो, तर बँडवाला.

आता लेकीचं. पर्ड्यू यासाठी खरंच बरं ठिकाण आहे. तिथे बँडमध्ये संगीतवाल्यांपेक्षा इंजिनिअरिंग, सायन्सवालीच पोरं भरलेली असतात. नील आर्मस्ट्राँग एरोनॉटिकल करताना त्याच बँडमध्ये बॅरिटोन हॉर्न वाजवायचा, तेव्हा 'बँडमुळे अभ्यास बुडतो' हा मुद्दा त्या कॅम्पसवर चालणार नाही. मुलगी म्हणून काळजी असेल तर, मिशिगनने मुलींना बँडमध्ये घेतलं १९७२ मध्ये आणि ओहायो स्टेटने १९७३ मध्ये, आता सगळीकडे मुली दिसतात, तो प्रश्न मागे पडलाय.

वेळ जातो, लपवत नाही. ऑगस्टमध्ये क्लास सुरू व्हायच्या आधी बँड कॅम्प, सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हात. नंतर आठवड्यातले बरेच दिवस दुपारनंतर दीड-दोन तास, आणि घरच्या मॅचचा अख्खा शनिवार, दुपारची मॅच असेल तर पहाटे उठून. पुण्यात जुलैपासून पथकाच्या सरावाला जाणारी पोरं बघितली असतील, तसंच, फक्त हे डिसेंबरपर्यंत चालतं. बहुतेक युनिव्हर्सिट्यांत याचं एखाददुसरं क्रेडिट मिळतं, पैसे सहसा मिळत नाहीत. युनिफॉर्म आणि मोठी वाद्यं युनिव्हर्सिटीची. बदल्यात पहिल्याच आठवड्यात तीनेकशे माणसं ओळखीची होतात, आणि भारतातून एकटी आलेल्या पोरीसाठी ही गोष्ट जेवणाइतकी महत्त्वाची आहे. पहिल्या सेमिस्टरला लॅबचे विषय दुपारनंतरच्या वेळेत घेऊ नको एवढं तिला सांगा, वेळापत्रकाचे वांधे तिथेच होतात. आणि ऑडिशनची तारीख ॲडमिशनच्या मेलमध्ये येत नाही, ती बँडच्या ऑफिसला स्वतः विचारायची.

तयारी म्हणून आत्तापासून रोज अर्धा तास उभं राहून, चालत वाजवायला सांगा. बसून वाजवणाऱ्याची चालताना पाचव्या मिनिटाला हवा जाते. स्केल्स पाठ पाहिजेत, ऑडिशनला तेच आधी विचारतात. स्वतःचं चांगलं ट्रम्पेट तिकडे नेलं तरी मैदानावर नेऊ नये, पाऊस आणि धक्के दोन्ही खातं, तिथलं जुनं मागून घ्यावं. थंडीत वाल्व्ह गोठतात, मॅच चालू असताना बोटं हलवत राहायची, वाद्यात मधूनमधून गरम फुंकर मारायची, आणि धातूचं माउथपीस खिशात ठेवायचं. बूट अर्धा नंबर मोठे घ्या, आत जाडे मोजे मावतील असे. आणि कानात घालायचे प्लग, संगीतवाल्यांचे येतात ते, पहिल्या दिवसापासून वापरायचे, तिथे पोरं वापरत नाहीत आणि पस्तिशीत कान वाजायला लागले की मग माझ्यासारखे डॉक्टर शोधत फिरतात.